जत्रांच्या हंगामात ऑर्केस्ट्राबरोबर फोटोग्राफर म्हणून फिरायचंय, लेन्स कोणती घेऊ?

वारणाकाठ
सांगलीच्या एका ऑर्केस्ट्राबरोबर हंगामभर फिरायचं ठरलंय. २२ जणांचा संच. डिसेंबर ते अक्षय्य तृतीया, सातारा-सांगली पट्ट्यातल्या जत्रा, अधूनमधून कराड-फलटणकडे बंद थिएटरात प्रयोग. आठवड्याला ४-५ सुपाऱ्या.

हातात काय आहे: क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा (कार्डाचा खाचा एकच), १८-५५ मिमी किट लेन्स, ५० मिमी एफ १.८ लेन्स. खिशात ६० हजार. दुकानदार म्हणतोय सेकंडहँड ७०-२०० एफ २.८ (लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स) घ्या, डोळे झाकून. घेऊ का?

भडंगवाला
डोळे झाकून घेतली तर फोकस कोण करणार?

माणदेशी
दुकानदाराचं सोडा, आधी टेपने मोजा. जत्रेतलं स्टेज साधारण २० बाय ३० फूट आणि उंची ४ ते ५ फूट. अगदी कडेला चिकटून उभं राहिलात तर गायकाची हनुवटी, नाकपुड्या आणि पुढचा मॉनिटर स्पीकर एवढंच मिळतं. १२-१५ फूट मागे सरकलं की चेहरा सरळ दिसायला लागतो.

क्रॉप बॉडीसाठी एक सोपा हिशेब पाठ करून ठेवा. २४ मिमीवर जेवढे फूट मागे उभे राहाल तेवढीच फूट रुंदी चौकटीत येते. ३० फुटी स्टेज अख्खं हवं? ३० फूट मागे जा. (फुल फ्रेमवाल्यांनी २४ च्या जागी ३५ धरावं.) तुमची ५० उभी धरली तर १५ फुटांवरून ७ फुटांची उंची येते, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत माणूस, वर हात उंचावला तरी कापला जात नाही. ८५ घेतली तर तेवढंच काम २५ फुटांवरून होतं.

आता ७०-२००. क्रॉपवर २०० मिमी, २५ फुटांवरून, उभी चौकट: ३ फूट. अर्धं माणूस. सुंदर क्लोजअप येतो, पण दीड किलोच्या आसपासचं वजन रात्रभर हातात, आणि ६० हजारांतले बहुतेक तिथेच संपले. बॅटरी, कार्ड, दुसरी बॉडी कशातून घेणार?

पार_चौसष्ट
लेन्सवर चर्चा चालू दे, पण जत्रेतला फोटो बिघडतो तो लेन्समुळे कमी आणि एलईडी पारमुळे (स्टेजवरचे रंगीत गोल दिवे) जास्त. हे नीट वाचा.

जुने हॅलोजन पार तापून उजेड देत, त्यामुळे त्यांचा उजेड जवळजवळ सलग. आताचे स्वस्त एलईडी पार मंद करायचे म्हणजे ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. समजा एखादा पार सेकंदाला ४०० वेळा लुकलुकतोय. १/१०० सेकंदाला शटर ठेवलं तर चार पूर्ण फेऱ्या चौकटीत येतात, उजेड सारखा. १/५०० ला एक फेरीसुद्धा पुरी होत नाही. कुठं उजेड, कुठं काळोख. फोटोवर आडवे पट्टे दिसतात ते हेच.

सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर हा प्रकार कैकपटीने वाढतो. साध्या सेन्सरला वरून खालपर्यंत ओळी वाचायला १/१५ ते १/६० सेकंद लागतो, तेवढ्या वेळात वरच्या उदाहरणातला पार ७ ते २७ वेळा लुकलुकून मोकळा. मेकॅनिकल शटरचा पडदा साधारण १/२०० - १/२५० त सरकतो, म्हणून पट्टे कमी. जत्रेत सायलेंट मोड बंदच ठेवा. स्पीकरच्या त्या भिंतीपुढे तुमची खट् कोणाला ऐकू येणार आहे?

तपासायचं कसं: साउंड चेकला लाईटवाल्याला सगळे रंग एकेक करून ४०-५० टक्क्यांवर लावायला सांगा. पांढरी चादर किंवा पांढरा शर्ट समोर धरून १/१००, १/१६०, १/२५०, १/५०० असे काढा आणि मोठे करून बघा. पट्टे कुठल्या आकड्यापासून सुरू होतात तो आकडा त्या रात्रीची हद्द. मंदच लाईट तपासा, फुल्लवर पार बऱ्याचदा स्थिर असतो आणि फसवतो.

कंदीपेढा
मागच्या एलईडी स्क्रीनचं काय? त्यावर काळ्या पट्ट्या येतात त्या वेगळ्या का?

पार_चौसष्ट
कूळ तेच. पॅनेल ओळींच्या गटागटाने पेटतं. १/१२५ च्या वर गेलात की कमी रिफ्रेशची पॅनेलं पट्ट्या दाखवतात. दुसरं म्हणजे जाळीसारखी नक्षी येते, कारण पॅनेलचे ठिपके आणि सेन्सरचे ठिपके एकमेकांत अडकतात. स्क्रीन थोडी फोकसबाहेर गेली की नक्षी जाते. गायकाला स्क्रीनपासून ६-७ फूट पुढे उभं करायला सांगा आणि एफ २ च्या आसपास ठेवा.

लेझरची गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. किरण थेट लेन्समध्ये घुसला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा मेलेले ठिपके पडतात. मिररलेसचा सेन्सर लेन्समागे उघडाच असतो, शटर दाबो न दाबो. लेझर प्रेक्षकांकडे वळला की कॅमेरा खाली.

फडावरची
पार_चौसष्ट यांना +१, आणि रंगाबद्दल एक भर. लाल आणि जांभळ्या एलईडीत चेहरा शेंदूर फासल्यासारखा सपाट येतो. मागच्या पडद्यावरचा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बरोबर दिसतो, पण लाल चॅनेल कधीच उतू गेलेला असतो. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजवीकडे चिकटला की पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी करा. रॉमध्येही (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) उतू गेलेला लाल परत येत नाही. निळ्यात उलट रडगाणं, लाल-हिरवे चॅनेल रिकामे आणि चेहऱ्यावर नुसते दाणे. तिथे सेटिंगशी झटण्यापेक्षा पांढऱ्या स्पॉटची वाट बघावी.

ऑटो व्हाईट बॅलन्स बंद. ४००० केल्विनला खिळवून ठेवा, म्हणजे नंतर एका दुरुस्तीत सगळ्या चौकटी बदलता येतात. जुन्या थिएटरात हॅलोजन असेल तर ३२००.

लावणीचं गाणं असेल तर दोन शटर मनात ठेवा. घुंगरू गोठवायचे तर १/५०० लागतो, म्हणजे लाईटची हद्द मोडते. तेवढं फक्त हॅलोजन किंवा फॉलो स्पॉटमध्ये (कलाकारामागे फिरवतात तो दिवा). गिरकीत पदर फिरताना दाखवायचा तर १/३० ते १/६०, आणि शटर गिरकीच्या शेवटाला दाबायचा, जेव्हा चेहरा समोर येऊन क्षणभर थांबतो आणि पदर अजून फिरतच असतो. समेवर ढोलकीची थाप पडते तिथेच तो ठेहराव असतो. कान उघडे ठेवले तर डोळ्याआधी कळतं.

आणि हे विचारलेलं नसलं तरी: बायकांच्या कपडे बदलायच्या तंबूकडे कॅमेरा घेऊन फिरकायचंसुद्धा नाही. "बॅकस्टेज" फोटो हवे असतील तर संचाच्या मालकाला नव्हे, ज्या बाईचा फोटो आहे तिला विचारायचं.

भडंगवाला
ताई, कान उघडे ठेवा म्हणताय, पण बेसच्या डब्यापुढे कान राहतील तर उघडे ठेवणार ना.

आवाज_कमी
चेष्टा वाटेल, पण माझा मुद्दा हाच. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. स्टेजपुढच्या मोकळ्या पट्ट्यात १०० सहज असतं आणि तुम्ही तिथे तीन तास, आठवड्यातून पाच रात्री.

स्पंजाचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात. बहुतेकजण नुसते कानात चिकटवतात, त्याने काही होत नाही. बोटांत वळून बारीक वात करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा, फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट दाबून धरा. बरोबर बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. बेसचे डबे स्टेजखाली मधोमध असतील तर कोपरा धरा, तिथून निवेदकाचा चेहराही तिरपा आणि चांगला मिळतो.

षड्ज
"सायलेंट बंदच ठेवा" यावर माझी हरकत. ऑर्केस्ट्रासाठी ठीक. पण याच पट्ट्यात औंधचा संगीत महोत्सव आहे, मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणं होतं, सांगलीला विष्णुदास भावे नाट्यगृह, साताऱ्याला शाहू कला मंदिर. वारणाकाठ कधीतरी तिथे जाणारच. आलापीत मेकॅनिकल शटरची एक खट् म्हणजे पहिल्या रांगेतल्या दहा माना वळल्या.

तिथे सायलेंटच, आणि पट्टे टाळायला १/१०० किंवा १/५०. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून हे दोन आकडे सुरक्षित. बैठकीतला गायक जागचा हलत नाही, हात हलतात ते थोडे पुसट आले तर बिघडत नाही. ज्यांना गोठलेले हात हवेत त्यांनी द्रुत लयीची वाट बघावी, तबला तापला की मेकॅनिकल शटरसुद्धा खपून जातो.

जागा: गायकाच्या उजव्या हाताला तबला, डावीकडे पेटी, मागे तानपुरे. माईकचा दांडा ज्या बाजूने आलाय त्याच्या विरुद्ध बाजूला बसा, नाहीतर प्रत्येक फोटोत ओठांवर काळी आडवी सावली. आणि बसा म्हणजे बसा. मध्यंतरापर्यंत उठायचं नाही.

पार_चौसष्ट
षड्ज, मान्य. मी जत्रेपुरतंच बोललो. फक्त हॉलमध्ये एलईडी मंद केले असतील तर १/१०० वरही खात्री नाही. चादरीची चाचणी तिथेही करा.

षड्ज
औंधला चादर फडकवली तर बाहेर काढतील. रुमाल चालेल.

माणदेशी
धुळीवर अजून कोणी बोललं नाही? म्हसवड, पुसेगावकडची माती पिठासारखी. लेन्स बदलायची तर मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत दोन्ही हात घालून, बॉडीचं तोंड खाली. त्याहून बरं म्हणजे मैदानात लेन्स बदलूच नका, दोन बॉडी ठेवा. सेन्सरवर तोंडाने फुंकर मारणारे लोक पाहिलेत, थुंकीचा डाग धुळीपेक्षा वाईट. रबरी ब्लोअर, बॉडी उलटी धरून.

पालच्या यात्रेत भंडारा उधळतात तो तर मैद्याहून बारीक. लांब होणारी झूम (तुमची १८-५५) प्रत्येक वेळी पुढे सरकताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर हळद. तिथे फक्त ५० लावा, पुढे यूव्ही फिल्टर, बॉडीवर पिशवी, लेन्सच्या कडेला रबर. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, ओल्या हळदीचा डाग रबराच्या पकडीत बसतो तो बसतोच. कोरडा ब्रश, मग ब्लोअर, मग कोरडं मायक्रोफायबर.

कंदीपेढा
आणि भडंग खाल्लेल्या हाताने शटर नको. तेल.

भडंगवाला
पेढ्याचा हात चालतो का? बटणं चिकटतात की.

आवाज_कमी
विजेचं बघा. जत्रेत सगळं जनरेटरवर. चार्जर कुठेही खुपसू नका, विशेषतः लाईटच्या डिमरच्या सॉकेटमध्ये. डिमर लाट कापून देतो, चार्जर तापतो आणि जातो. "डायरेक्ट लाईन कुठली?" हे मंडपवाल्याला नाही, जनरेटरवाल्याला विचारायचं. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल झाला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास चढू शकतो. तिथे साधा स्पाईक गार्ड वाचवेलच असं नाही.

म्हणून बॅटऱ्या गाडीतच भरा. १२ व्होल्टच्या सॉकेटला ६५ वॉटचा यूएसबी-सी चार्जर, प्रवासात. एका प्रयोगाला दोन बॅटऱ्या लागतात असं धरून चार ठेवा. थंडीत त्या लवकर बसतात. भरलेल्या डाव्या खिशात, संपलेल्या उजव्या. अंधारात हेच उपयोगी पडतं.

फडावरची
कार्डाचं. खाचा एकच आहे म्हणता, म्हणजे कार्ड गेलं की रात्र गेली. १२८ जीबीचं एकच न घेता ३२ ची चार घ्या. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५-३० एमबी, ३२ जीबीत हजारभर बसतात. दोन तासांच्या कार्यक्रमात ८०० चौकटी खूप झाल्या. मध्यंतराला कार्ड बदला, भरलं नसलं तरी.

गाडी सुटायच्या आधी लॅपटॉपवर आणि एका बाहेरच्या एसएसडीवर उतरवा. साध्या रीडरला ९० एमबीचा वेग मिळाला तर ३० जीबीला सहा मिनिटं पुरतात, तेवढ्यात साउंडवाल्यांचे निम्मे डबेसुद्धा चढत नाहीत. लॅपटॉप तुमच्या बॅगेत, एसएसडी दुसऱ्या गाडीतल्या माणसाकडे. दोन्ही प्रती एका बॅगेत म्हणजे एकच प्रत. कार्ड पुढच्या गावात कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करायचं, लॅपटॉपवर नाही, आणि दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय तर नाहीच. फोल्डरला तारीख आधी, गाव नंतर. महिन्याभराने सगळ्या गावांची स्टेजं सारखीच दिसतात.

संचाला रात्रीच १०-१२ फोटो हवे असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकसून जातात आणि तेच आकसलेले फ्लेक्सवर छापून नाव तुमचं.

कागदोपत्री
फ्लेक्सचा विषय निघालाच आहे तर. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा, जर वेगळा करार नसेल तर. म्हणजे काहीच लिहून घेतलं नाही तर हंगामभराचे फोटो ऑर्केस्ट्राचे. पगारावर ठेवलं तरी करार नसल्यास हक्क मालकाचाच.

साध्या कागदावर सह्यांनिशी चार गोष्टी लिहा. हक्क फोटोग्राफरचा, संचाला स्वतःच्या प्रसिद्धीसाठी वापरायची मोकळीक. प्रत्येक सुपारीमागे किती तयार फोटो आणि किती दिवसांत. प्रवास, जेवण, मुक्काम कोणाकडे. आणि कार्यक्रम रद्द झाला तर किती. पाऊस, आचारसंहिता, गावातलं मयत, सुपारी मोडायला कारणं कमी नाहीत. मानधन महिन्यावर नको, सुपारीवर घ्या.

वारणाकाठ
मालकाला कागद दाखवला तर तो म्हणेल, "आमच्यावर विश्वास नाही का?"

कागदोपत्री
म्हणेलच. गावाकडून सुपारी घेताना तो स्वतः पावती करतो की नाही, तेवढं विचारा.

कंदीपेढा
दहाचं विसरू नका. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे. वर्षातले मोजके, जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं. सूट नसेल त्या गावात पावणेदहाला सगळी गाणी अर्धी अर्धी कापून उरकतात आणि शेवटच्या सामूहिक गाण्याला सगळा संच पुढे येतो. तो फोटो हवा असेल तर साडेनऊलाच ३० फूट मागे जाऊन उभे राहा. नंतर गर्दीतून मागे सरकता येत नाही.

माणदेशी
हे बाकी खरं.

दमट हवेचं एक राहिलं. एसी गाडीतून थंडगार लेन्स दमट हवेत काढली की काच धुरकटते. पुसत बसू नका, पुसलं तरी परत येतं. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास आधी गाडीबाहेर काढा. आणि बॅग टपावर किंवा स्पीकरच्या डब्यांवर कधीच नाही, पायाशी. पेठ नाक्यावरून आष्ट्याकडे वळल्यावर रस्ता कसा आहे त्यावर लेन्सचे स्क्रू किती टिकतात ते ठरतं.

वारणाकाठ
सगळ्यांचे आभार, वाखूसा (वाचनखूण साठवली). पण मूळ प्रश्न राहिलाच: ७०-२०० घेऊ की नको?

पार_चौसष्ट
नको.

फडावरची
नको. ८५ एफ १.८, सेकंडहँड. किट लेन्स ५५ ला एफ ५.६ असते, त्यापेक्षा १.८ ला जवळजवळ १० पट उजेड. २५ फुटांवर पावणेदोन फुटांची खोली फोकसमध्ये राहते, गायक आणि त्याच्या हातातला माईक दोन्ही धरले जातात. मागचे नर्तक पुसट होतील, तेही जरा स्पष्ट हवे असतील तर एफ २.८ ला. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० ला घाबरू नका, पुसट फोटोपेक्षा दाणेदार बरा.

उरलेल्या पैशांत त्याच कंपनीची जुनी दुसरी बॉडी, जिला तुमच्याच बॅटऱ्या चालतात. एकीवर ५०, दुसरीवर ८५. दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा, नाहीतर रात्री फोटो लावताना दुसरं गाणं पहिल्याच्या आधी येतं. १८-५५ बॅगेत, अख्ख्या स्टेजच्या दोन फोटोंपुरती.

षड्ज
सहमत. फक्त थिएटरात मागच्या भिंतीला उभं राहायची वेळ आली तर ८५ तोकडी पडेल. तेवढ्यापुरती ७०-२०० भाड्याने, एका दिवसाची.

वारणाकाठ
मग ८५ ठरली. पालला जायच्या आधी यूव्ही फिल्टर घेतो. ५० साठी किती मिमीचा लागतो? दुकानदार म्हणतोय कॅमेरा घेऊन या.

माणदेशी
कशाला? लेन्सच्या टोपणाच्या आतल्या बाजूला बघा, रेघ मारलेल्या गोलाशेजारी आकडा छापलेला असतो. तोच.

वारणाकाठ
४९.

भडंगवाला
फिल्टर डोळे झाकून घ्या आता.